कपाटातला मालक

बँकेच्या साहेबांसमोर टिपणीसांनी भिंतीतल्या कपाटाचं सरकतं दार उघडलं, चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला, स्टुलावर पाय देऊन वरच्या फळीवर चढले, गुडघे पोटाशी घेऊन आडवे झाले आणि आतून म्हणाले, "इथे. मी इथे राहतो."

जपानीत म्हणाले. मला जपानी येत नाही. पण साठीचा माणूस कपाटात झोपून काय सांगत असेल ते कळायला भाषा लागत नाही.

साहेबांचं नाव मोरी-सान, सान म्हणजे आपल्याकडचं राव. ते खाली चटईकडे बघायला लागले. त्यांच्याबरोबर बँकेतल्याच एक तरुण बाई आल्या होत्या, त्याही चटईकडे बघायला लागल्या. खोलीच्या दारात केतकी तान्ही पोर खांद्यावर टाकून उभी होती आणि तिच्यामागे तिचा नवरा ओंकार, चेहरा पांढराफटक. मी आणि माझी सून सायली पॅसेजमध्ये. आम्ही शेजारच्या. टिपणीसांनी सकाळीच दार वाजवून मला बोलावलं होतं, "काकू, साक्षीला या." जसं काही लग्नच नोंदवायचं होतं.

टिपणीसांनी कपाटातला छोटा दिवा लावून दाखवला. "वाचायचीही सोय आहे," म्हणाले.

मोरी-सान हातातल्या कागदावर काहीतरी लिहायला लागले. मी मनात म्हटलं, गेलं ह्या माणसाचं घर.

कर्जाचं सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही, म्हणून ते सांगते. इथे जपानात घर घ्यायला सरकारच्या आधाराचं एक कर्ज मिळतं. व्याज पहिल्या दिवशी जेवढं ठरलं तेवढंच शेवटपर्यंत. माझा मुलगा प्रशांत बँकेच्या कॉम्प्युटरचं काम करतो, त्याने मला हे दोनदा समजावलं आणि दुसऱ्यांदा मला कळलं. ह्या कर्जाची अट अशी, की ज्याने ते काढलं त्याने स्वतः त्या घरात राहायचं. भाड्याने देऊन कमाई करायला हे कर्ज नाही. घरात मालक राहत नाही, भाडेकरू राहतो, असं सापडलं तर बँक उरलेलं सगळं कर्ज एकदम मागते. एकदम एवढं कोणाकडे असतं? मग घर जातं.

टिपणीसांनी घर ह्याच कर्जावर घेतलेलं. आणि त्या घराच्या मोठ्या खोलीत ओंकार-केतकी राहत होते.

मी सुमन. चौथीपर्यंत शाळा, पुढे घर, शेत आणि नवऱ्याची पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर मुलाने मला टोकियोला आणलं. एदोगावा म्हणून भाग आहे तिथे आपली माणसं बरीच आहेत, म्हणून करमतं. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, आणि भिंतीला भिंत लागून टिपणीस. भिंत पातळ. त्यांचा अलार्म वाजला की मी उठते. त्यांनी खोकल्याचं औषध बदललं तरी मला कळतं. संध्याकाळी दार उघडून स्वतःशीच काहीतरी बोलतात, तेही ऐकू येतं. मी कान लावून ऐकत नाही. लावायची गरजच पडत नाही.

मुकुंद टिपणीस तिशीच्या आत जपानात आले ते इथलेच झाले. माणूस बुटका, टापटिपीचा. दुसऱ्याच्या घरी जाताना स्वतःच्या सपाता पिशवीत घालून नेतात. बोलण्यात दोन वाक्यं ठरलेली. एक, "हे नियमात बसतं का?" आणि दुसरं, "विचारून घेतलेलं बरं." पहिलं वाक्य ऐकलं की समजायचं, आता दुसरं येतंय. दुसरं आलं की समजायचं, कुठल्या तरी ऑफिसातल्या गरीब माणसाचा दिवस गेला.

मी इथे आले त्याच महिन्यातली गोष्ट. नारळ फोडला, करवंटी कचऱ्यात टाकली. इथे कचऱ्याचे वार असतात. जळणाऱ्याचा वेगळा, न जळणाऱ्याचा वेगळा, बाटल्यांचा वेगळा. सायलीने मला सगळं शिकवलं होतं. मी जळणाऱ्याच्या वारी पिशवी खाली ठेवून वर आले, तर पाठोपाठ टिपणीस. हातात माझीच पिशवी.

"काकू, ह्यात करवंटी आहे."

"असेल. नारळातून दुसरं काय निघणार?"

"करवंटी कशात मोडते? जळते हे मान्य. पण टणक आहे. यंत्रात अडकली तर?"

"आमच्याकडे बंबात घालतात. भसाभसा जळते."

"बंबाचं ठीक आहे. वॉर्ड ऑफिसचं काय? हे नियमात बसतं का? विचारून घेतलेलं बरं."

त्यांनी वॉर्ड ऑफिसला फोन लावला. तिथल्या माणसाने आयुष्यात करवंटी बघितली नव्हती. टिपणीस फोनवर हाताने आकार करून दाखवत होते, जसं पलीकडच्याला दिसतंय. त्या माणसाने आपल्या साहेबाला विचारलं, त्याने वरच्या साहेबाला, आणि मधले सगळे दिवस ती करवंटी टिपणीसांच्या बाल्कनीत पाहुणी म्हणून राहिली. शेवटी उत्तर आलं, जळणारा कचरा. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच. टिपणीस मात्र जग जिंकल्यासारखे आले. "आता निर्धास्त टाका," म्हणाले. लिफ्टजवळ मराठीत चिठ्ठी लावली, "करवंटी जळते." अख्ख्या इमारतीत मराठी वाचणारी घरं तीन. त्यातलं एक त्यांचंच.

त्यांची बायको जपानी. नाओमी. मी आले तेव्हा होती. पहिल्याच दिवशी सायली माझ्या हातात टॉवेलचा पुडा देऊन मला तिच्याकडे घेऊन गेली, इथे नव्याने आलेल्याने शेजाऱ्यांना असं काहीतरी द्यायचं असतं. नाओमीने माझे दोन्ही हात धरले आणि मराठीत म्हणाली, "या, बसा, चहा घ्या." तेवढंच मराठी तिला येत होतं, पण उच्चार स्वच्छ. पुढच्याच हिवाळ्यात आजारी पडली आणि गेली. टिपणीस रडले की नाही मला माहीत नाही. भिंतीतून तरी ऐकू आलं नाही. मग मुलगी मीना शिकायला क्योतोला गेली. तिथे विद्यापीठात काहीतरी संशोधन करते, मातीतल्या जिवाणूंचं. बाप इथे एकटा.

मीना सुट्टीत येते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जपानीत देते. भांडताना मात्र मराठीवर येते. भांडण एकाच गोष्टीवरून. टिपणीस तिला भेटायला क्योतोला जातात ते सकाळच्या गाडीने जाऊन त्याच दिवशी परत. मुक्काम नाही.

"बाबा, एक रात्र राहिलात तर बँक घर काढून घेणार आहे का?"

"अट आहे, मीना. मालकाने घरात राहायचं."

"अहो, बाहेर एक रात्र झोपलं म्हणजे राहत नाही असं होत नाही! कोणीही सांगेल!"

"कोण सांगेल? नाव सांग. विचारून घेतो."

मग मीना दाणकन दार आपटते. आमच्या देवाचा फोटो हलतो.

नियमात माणूस एवढा पक्का. म्हणूनच दिवाळीला जे झालं ते झालं. आपली मंडळी हॉल घेऊन फराळाचा कार्यक्रम करतात. तिथे निखिल म्हणून एक मुलगा आहे, पुण्याचा, तोंडाने गोड, चार पैसे कमावतो आणि चाळीस पैशांच्या गोष्टी करतो. तो सगळ्यांना सांगत होता, "मी फ्लॅट घेतोय. एजंट म्हणतो, स्वतःला राहायला म्हणून सरकारी आधाराचं कर्ज काढा, व्याज स्वस्त पडतं. मग घर द्या भाड्याने. भाड्यातून हप्ता जातो, खिशाला तोशीस नाही."

टिपणीस पलीकडे चकली खात होते. चकली हातात तशीच राहिली.

"आणि तू राहणार कुठे?"

"आत्ता राहतो तिथेच, काका."

"मग सही करताना काय लिहिणार? मी ह्या घरात राहीन?"

"सगळे तसंच लिहितात."

"सगळ्यांचं सोड. तू झोपणार कुठे?"

"काका, बँकेला काय कळणार आहे?"

"पत्र पाठवतात. परत आलं की माणूस पाठवतात. माणसाला दारात भाडेकरू भेटला की सगळं कर्ज एकदम मागतात. त्या दिवशी तुझ्या एजंटचा फोन लागतो का बघ." आणि चकलीने त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं करून पुन्हा, "झोपणार कुठे?"

सगळ्यांच्या देखत पाच-सहा वेळा विचारलं. निखिल लाल झाला. निखिलच्या बायकोने मात्र नंतर हळूच येऊन टिपणीसांच्या ताटात दोन करंज्या ठेवल्या. घर काही निखिलने घेतलं नाही. त्या दिवसापासून पोरांनी टिपणीसांचं नाव कर्जकाका ठेवलं.

आणि ह्याच कर्जकाकांनी पुढच्या वसंतात घरात बिऱ्हाड आणलं.

ओंकार प्रशांतच्या ओळखीचा. त्याची कंपनी बदलली, जुन्या कंपनीची खोली सोडायची वेळ आली, आणि केतकीला सातवा महिना. नवी खोली मिळेना. इथे घरमालक परदेशी माणूस म्हटला की नाही म्हणतात, सगळे नाही, पण पुष्कळ. त्यात तान्हं मूल होणार म्हटल्यावर जे उरले तेही नाही म्हणाले. एका रविवारी दोघं आमच्याकडे येऊन बसली होती. केतकीचे पाय सुजलेले. मी तिला सरळ सांगितलं, "तू माहेरी जा. इथे रस्त्यावर बाळंत होणार आहेस का?" ती म्हणाली, "डॉक्टर विमानात बसू देत नाहीत आता, आजी." मग मी तिच्या पायांखाली उशी सरकवली.

टिपणीस तेव्हा तिथेच होते. आमच्या कुकरची शिट्टी सकाळी कितीपर्यंत होऊ द्यावी ह्याबद्दल बोलायला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं, कुकरचं काही न बोलता उठून गेले. थोड्या वेळाने परत आले, सपाता बदलल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "माझ्याकडे मोठी खोली रिकामी आहे."

ती खोली त्यांची आणि नाओमीची. रिकामी कसली, त्यात ते स्वतः झोपत होते.

"मग तुम्ही, काका?" ओंकारने विचारलं.

"मीनाच्या खोलीत."

"पण मीना आली की?"

"मीनाची खोली मीनाचीच. तिचं टेबल, तिची पुस्तकं, काहीही हलायचं नाही. मी तिच्या खोलीतल्या कपाटात झोपेन. खोली तिची, कपाट माझं. गाद्या ठेवायचंच कपाट आहे, मी गादीसकट त्यात राहीन. मालकाने घरात राहायचं एवढीच अट आहे. कुठल्या खोलीत राहायचं ते लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "टिपणीस, तुम्ही ठीक आहात ना?"

"काकू, नियमात बसतं."

झालं. ओंकार-केतकी आली, पावसाळ्यात पोर झाली, नाव ठेवलं अन्वी. टिपणीसांनी त्यांना घराचे नियम सांगितले, ते केतकीने मला हसत हसत सांगितले. दारातल्या चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला. फोडणी देताना पंखा आधी, मोहरी नंतर. बाळ रात्री रडलं तर रडू द्यावं, त्याला नियम लागू नाहीत. आणि बाहेरून घरी येणाऱ्याने "ताडाइमा" म्हणायचं, म्हणजे "मी आलो," आणि घरात जो कोणी असेल त्याने हातातलं काम टाकून "ओकाएरी" म्हणायचं, म्हणजे "आलात का, या." इथे घरोघरी असं म्हणतात. केतकी म्हणाली, "आजी, मी अन्वीला पाजत असले तरी चालत नाही. काका दारातच उभे राहतात, उत्तर येईपर्यंत."

"आहेच तो माणूस तऱ्हेवाईक," मी म्हटलं.

बाहेर लोकांना तर मेजवानीच. निखिलने हॉलमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "काय काका, आता झोपणार कुठे?"

"कपाटात," टिपणीस म्हणाले, अगदी सरळ.

हॉल हसून हसून आडवा. "कर्जकाकांनी घर भाड्याला लावलं आणि स्वतः फळीवर चढले," असं चाललं. मलाही तेच वाटत होतं. मोठी खोली भाड्याला, मालक कपाटात, नियम खूश, पैसेही खूश. हिशोबी माणूस, दुसरं काय.

एवढ्यावर भागलं असतं. बँकेला काही माहीत नव्हतं, कोणी चहाडी केली नव्हती. पण एका संध्याकाळी टिपणीस आमच्याकडे आले, चेहरा समाधानी.

"आज बँकेला फोन केला," म्हणाले.

प्रशांतचा घास हातातच राहिला. "कशाला?"

"कर्ज घेतलेल्या मालकाने घरातल्या सगळ्यात मोठ्या खोलीत राहावं अशी काही अट आहे का, ते विचारून घेतलं."

"काका, तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"कोणी विचारलं नव्हतं. म्हणून तर मी विचारलं."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण राहतं, नात्याचे आहेत का, कुठल्या खोलीत राहतात. सगळं खरं सांगितलं. शेवटी विचारलं, मग तुम्ही कुठे असता? मी म्हटलं, कपाटात. पलीकडे बराच वेळ शांतता होती." टिपणीस चहा फुंकत म्हणाले, "विचार करत होते. चांगलं लक्षण आहे."

प्रशांतने कपाळावर हात मारून घेतला. त्या शांततेनंतरच मोरी-सान आले.

तर त्या सकाळी टिपणीस कपाटात आडवे, आणि मोरी-सान लिहितायत. सायली माझ्या कानाशी एकेक वाक्य मराठीत सांगत होती.

मोरी-सान माणूस वाईट नव्हता. दारात बूट काढून ते नीट बाहेरच्या तोंडाने लावले होते, तेव्हाच टिपणीसांना तो आवडला होता. त्याने विचारलं, "ह्या दोघांकडून भाडं घेता?"

"नाही," टिपणीस कपाटातून म्हणाले. "लाइटबिल आणि गॅस निम्मं निम्मं."

ओंकार पुढे झाला. "मी पहिल्या महिन्यात पैसे द्यायला गेलो होतो. काकांनी घेतले नाहीत. म्हणाले, भाडं घेतलं की घर भाड्याचं होतं."

हे मला नवीन होतं. मी टिपणीसांकडे बघितलं. ते दिवा चालू-बंद करत होते.

मोरी-सानने पेन थांबवलं आणि अगदी अदबीने म्हणाला, "टिपणीस-सान, तुमच्यावर मी अविश्वास दाखवतोय असं समजू नका. पण एक माणूस भाडं न घेता, नात्यात नसलेल्यांना स्वतःची खोली देतो आणि स्वतः कपाटात झोपतो, हे मी माझ्या वरिष्ठांना सांगितलं तर ते काय म्हणतील? म्हणतील, मालक दुसरीकडे कुठेतरी राहतो. आपण येणार म्हणून कपाटात गादी घातली. मला त्यांना पटेल असं काहीतरी हवं."

टिपणीसांनी दात घासायचा ब्रश दाखवला, औषधाची बाटली दाखवली, फळीवरूनच बोट करून बाल्कनीतले सदरे दाखवले. मोरी-सान प्रत्येक वेळी मान हलवत होता आणि चेहरा आणखी पडत होता. ब्रश काय, कोणीही आणून ठेवेल. केतकीने पोरीला घट्ट धरलं होतं. ओंकार हळूच म्हणाला, "काका, आम्ही जातो दुसरीकडे. आजच जातो. घर तरी वाचेल."

"गप्प बस," टिपणीस म्हणाले. "नियमात आहोत आपण." पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

मग मोरी-सान माझ्याकडे वळला. शेजारी म्हणून काही सांगू शकाल का, असं विचारलं.

मी सायलीला म्हटलं, "मी बोलते तसंच सांग. मध्ये तुझी साखर घालू नकोस."

"हो, आई."

मी बोलले. "मी ह्या भिंतीच्या पलीकडे झोपते. मला ह्या माणसाचं सगळं ऐकू येतं, ऐकायची इच्छा नसली तरी. रोज संध्याकाळी हा दार उघडतो आणि 'ताडाइमा' म्हणतो. बायको होती तेव्हा आतून उत्तर यायचं. बायको गेली, मग मुलगी द्यायची. मग मुलगीही गेली."

सायली भराभर सांगत होती. मोरी-सान ऐकत होता.

"मला वाटलं, आता हा थांबेल. घरात चिटपाखरू नाही, कोणाला सांगायचं मी आलो म्हणून? पण हा म्हणतच राहिला. रोज. म्हणायचा आणि दार लगेच लावायचा नाही. उघडं दार धरून उभा राहायचा. आतून उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग लावायचा. मी पलीकडे दाणे निवडत ऐकायची. मला वाटायचं, ह्याचं डोकं फिरलंय."

सायली थांबली.

"थांबलीस का? पुढचं सांग."

तिने सांगितलं.

"गेली कित्येक वर्षं एक दिवस चुकला नाही. क्योतोला गेला तरी त्या रात्री परत येऊन म्हणतो. ही पोरं आली तेव्हापासून आतून उत्तर येतं. तेवढाच काय तो फरक. तुमच्या वरच्या साहेबांना सांगा, दुसरीकडे राहणारा माणूस रिकाम्या घराला मी आलो म्हणून सांगत नाही. कपाटाचं मला माहीत नाही. ते खुळ्यासारखं आहे."

अन्वीने उचकी दिली. बँकेच्या तरुण बाईंनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं, बाहेर फक्त समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती. मोरी-सानने पेनाला टोपण लावलं आणि कपाटाकडे वळून खूप खाली वाकला. इथे लोक वाकतात, पण ते वाकणं वेगळं होतं.

टिपणीसांनी कपाटाचं दार अर्धं ओढून घेतलं होतं. फक्त पाय दिसत होते.

मग सरळ होऊन मोरी-सान म्हणाला, मालक ह्या घरात राहतो, भाडं घेत नाही, घर भाड्याने दिलेलं नाही, माझ्याकडून एवढंच लिहिलं जाईल. आणि चहाला थांबला. चहा पिताना, आता काम झाल्यासारखा, त्याने विचारलं, "टिपणीस-सान, हॉलमध्ये जागा आहे. तिथे गादी घालायला काय हरकत आहे?"

टिपणीस खाली उतरले होते, चष्मा पुसत होते. "हॉलमध्ये झोपावं अशी अट आहे का?"

"नाही."

"कपाटात झोपू नये अशी?"

"तशीही नाही."

"मग असू दे. कपाटातून रात्री पोरीचं रडणं ऐकू येतं. हॉलमध्ये फ्रिजचा आवाज मध्ये येतो."

मोरी-सान हसला. दारात बूट घालताना मात्र सांगून गेला, ह्यापुढे काही शंका आली तर फोन करायच्या आधी ओंकार-सानना एकदा विचारत जा. टिपणीस म्हणाले, बघतो. त्यांनी फोन करायचे थांबवलेले नाहीत. परवा मी तुळशीची कुंडी बाल्कनीच्या कठड्यावर ठेवावी की आत, हे त्यांनी इमारतीच्या ऑफिसला विचारलं. आत, असं उत्तर आलं. कुंडी आता आमच्या न्हाणीघरात आहे.

त्या दिवशी पाहुण्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला टिपणीस स्वतः गेले. मी घरी येऊन खाटेवर पडले होते. लिफ्टचा आवाज झाला, मग किल्लीचा, मग दाराचा.

"ताडाइमा."

आतून केतकी म्हणाली, ओंकार म्हणाला. त्याच्या पाठोपाठ अन्वीने भोकाड पसरलं. तरी दार लागल्याचा आवाज येईना. हा माणूस उभाच. मला वाटलं, आज दोघांच्या उत्तरावर भागत नाही की काय ह्याचं. मी भिंतीवर थाप मारली.

"आलात ना? मग दार लावा. गार वारं येतंय."

दार लागलं.

आता कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. चौथा मजला, आमच्या शेजारचं घर. मालक मुकुंद टिपणीस. तिथेच राहतात.